तिरशिंकूचा वकील

फसली तेराशे बावन्न, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस साल. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि त्या चैत्रात बंडेप्पानं आमच्या गावचं पुराण बंद पाडलं.

निजामाच्या राज्यात, संतपूरच्या पलीकडं आमचं गाव. मारुतीच्या पारावर आठ दिवस पुराण सांगायला उदगीरकडचे एक शास्त्रीबुवा आले होते. पाचव्या दिवशी राजा त्रिशंकू निघाला. बुवा रंगात येऊन सांगत होते, की राजाला गर्व झाला, ह्याच देहानं स्वर्गात जातो म्हणाला, विश्वामित्रानं वर पाठवला, इंद्रानं खाली ढकलला, आणि आता तो बसलाय मध्येच लटकत, दक्षिणेच्या आभाळात, डोकं खाली पाय वर. लोक हसले. तेवढ्यात मागून बंडेप्पा उठला.

"लटकत न्हाई," तो म्हणाला. "टांगल्याला हाय."

"तेच ते," बुवा म्हणाले.

"तेच कसं? लटकतंय ते चिंध्यागत. टांगायचं मंजे दोर लावून, नेमानं. वरची गाठ कुणी मारली, ते सांगा."

"कसली गाठ?"

"वर गाठ असल्याबिगर खाली काय ऱ्हातंय व्हय? इतके जुग झाले, राजा पडला न्हाई. मंजे कुण्या तरी शहाण्यानं बांधलाय. आन् तुम्ही हसायलाव!"

बुवांनी बसा म्हटलं. बंडेप्पा म्हणाला, "आदली गोष्ट सांगा, मग बसतो. स्वर्गाला जायच्या आधी त्यानं काय केलं ते सांगा." बुवांना घाई होती, आदली गोष्ट त्यांनी गाळली होती. बंडेप्पा उभाच राहिला. पाटलांनी डोळे वटारले, तरी उभा. शेवटी पोथी मिटली. सहाव्या दिवशी बुवांनी तोडगा काढला आणि हरिश्चंद्र सुरू केला. पण हरिश्चंद्र निघाला त्रिशंकूचाच पोरगा. बंडेप्पा परत उठला. "बापाचा निकाल लागला न्हाई, आन् पोराचं काय सांगायलाव?"

सातव्या दिवशी बुवा औरादला निघून गेले.

तर हा बंडेप्पा. वयानं पंचेचाळिशीचा, अंगानं काडी, नाक तेवढं भरघोस. घरात कानडी बोलायची, दारात मराठी आणि कचेरीत उर्दू, म्हणजे आम्हा सगळ्यांसारखंच. थोरल्या भावाचं किराणा दुकान. बंडेप्पाला तागडी धरायला बसवलं की तो गिऱ्हाइकाला जास्तच घालायचा, म्हणून भावानं त्याला दुकानाबाहेर ओट्यावर बसवला. तिथं बसून तो अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचा आणि त्यांची शिंकी बांधायचा. दुधाचं शिंकं, भाकरीचं शिंकं, लोणच्याच्या बरणीचं शिंकं. दुकानदाराच्या घरात जन्मून हा दोर वळायलाय म्हणून त्याच्या सोयऱ्यांनी नाकं मुरडली. लग्नाची एक-दोन बोलणी त्यातच मोडली, मग कुणी बोलणी केलीच नाहीत.

शिंकं म्हटलं की त्याच्या तोंडाला लगाम नसायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याचा एकच सवाल, वरची गाठ कुणी मारली? गावात कुणाचं भांडण झालं, की हा विचारणार, "वरची गाठ कुणी मारली?" म्हणजे मुळात सुरुवात कुणी केली. नवीन हुकूम आला, नवरी पळाली, विहिरीचं पाणी आटलं, सवाल तोच.

आता त्रिशंकूशी त्याचं नातं काय, तर एका शब्दाचं. त्रिशंकू हे नाव त्याला कधी तसं ऐकूच आलं नाही. त्याच्या आईनं लहानपणी दाखवला तो 'तिरशिंकू'. तिर म्हणजे तीन आणि शिंकू म्हणजे शिंकं. तीन दोऱ्यांचं शिंकं. मी त्याला एकदा म्हणालो, "अरे, बुवा त्रिशंकू म्हणतात." तर म्हणतो, "बुवाला शिंकं बांधता येतंय का? मग त्याला काय म्हाईत?"

आणि खोटं कशाला बोलू, त्यानं दाखवल्यापासून मलाही दुसरं काही दिसत नाही. उन्हाळ्यात दिवेलागण झाली की दक्षिणेला, अगदी जमिनीला टेकल्यासारख्या, चार चांदण्या दिसतात. चैत्रात त्या कललेल्या असतात, ज्येष्ठाच्या तोंडावर सरळ उभ्या राहतात. वरची एक म्हणजे गाठ. बाकीच्या तीन म्हणजे तीन दोऱ्यांची टोकं. मध्ये एक बारीक पाचवी आहे, ती दिसली तर दिसते. बंडेप्पा म्हणायचा, ते राजाचं नाक. आणि डाव्या अंगाला खाली दोन ठळक चांदण्या आहेत, त्या दोन मांजरी. शिंक्याखाली मांजरी असायच्याच. "इतके जुग झाले, बसल्याती वर बघत. पर शिंकं पक्कं हाय."

ह्या शिंक्यांपायी तो एकदा कैदेत जाऊन आला, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कुठूनसा नवा पोलीस अमीन आला होता. घोड्यावरून गावात शिरला आणि ओट्यावर एक रिकामा माणूस बसलेला दिसला म्हणून त्यानं विचारलं, "क्या काम करते?"

शिंक्याला बंडेप्पाच्या घरच्या कानडीत सिक्का म्हणतात. तो उठून उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "सिक्के बनातूं, सरकार."

उर्दूत सिक्का म्हणजे नाणं, आणि नाणं पाडायचा हक्क एकट्या निजाम सरकारचा. अमीन घोड्यावरून उतरला. "किसके हुकुम से?"

"अम्मा सिखाई, सरकार."

"कहाँ बनाते?"

"यहींच, ओटे पो. सब के सामने."

"और चलाते कहाँ?"

"औराद के बाजार में, सरकार. बड़े-बड़े लोगां लेतैं. कचेरी में भी दो-चार हैं."

त्याला दंडाला दोर बांधून औरादला नेलं. वाटेत बंडेप्पानं त्या दोराची गाठ बघितली आणि शिपायाला म्हणाला, "ये गाठ सुटतीच, साब," आणि दातानं ओढून ती स्वतः पक्की करून दिली. कचेरीत पंचनामा लिहायला बसले तेव्हा कुणीतरी विचारलं, की माल दाखव. त्यानं काखेतलं शिंकं काढलं, आढ्याला टांगलं आणि अमीनाचाच पाण्याचा लोटा त्यात ठेवून दिला. संध्याकाळी सोडला त्याला. लोटा आणि शिंकं तिथंच राहिलं.

आता माझं. मी दोन गोष्टींत गावात प्रसिद्ध होतो. एक म्हणजे कामाला वाघ, आणि दुसरं, कुणाचं ऐकायचं नाही. पुराणाच्या आदल्या वर्षी बापाशी माझं वाजलं. कशावरून ते आता आठवत नाही, पण मी बरोबर होतो. बायको रुक्मिण आणि तीन वर्षांची लेक घेऊन मी गावाच्या दक्षिणेला, शेवटच्या घराच्याही पुढं, मोकळ्यावर घर घातलं. बाप म्हणाला दक्षिणेला दार काढू नको, म्हणून मी दक्षिणेलाच काढलं. बाप म्हणाला पेवातले जोंधळे घेऊन जा, मी म्हणालो तुझा दाणा शिवणार नाही. मग बापाच्या भिंतीपेक्षा माझी भिंत हातभर उंच घालायची म्हणून वर चढलो आणि त्याच भिंतीवरून खाली आलो. उजवा पाय मांडीत मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दोन महिने हलायचं नाही म्हणाला.

हे झालं पुराण बंद पडल्यावर चौथ्या दिवशी.

घरात आठवड्याचं पीठ होतं. मला उठवायला-बसवायला रुक्मिणीशिवाय कुणी नाही, त्यामुळं ती कामाला जाऊ शकत नव्हती. शेजारचे शेर-दोन शेर जोंधळे घेऊन आले, मी परत पाठवले. आईनं चोरून पीठ धाडलं, ते मी पडल्यापडल्या अंगणात भिरकावलं.  रुक्मिणीनं अंगणातलं वरवरचं पीठ सुपात गोळा केलं, चाळलं आणि त्याची लेकीला पेज केली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. पण हट्ट सोडला नाही. लेक रात्री रडायची तेव्हाही सोडला नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, झालं ते सांगतो.

पीठ संपलं त्या दिवशी दिवेलागणीला बंडेप्पा दारात आला. हातात शिंकं, शिंक्यात फडक्यानं झाकलेलं काहीतरी. बाहेरूनच त्यानं हाक मारली, "तंगी हाय का घरात?"

कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. गावातल्या अर्ध्या बायकांना तो तंगीच म्हणायचा. मला कानडी चांगली येत होती. पण त्या दिवशी माझ्या कानात उर्दूच शिरली.

"तंगी?" मी खाटेवरूनच ओरडलो. "माझ्या घरात काय तंगी न्हाई! कुणी सांगितलं तुला? चालता हो!"

"अरं, रुक्मिण तंगी रे!"

"कुणालाच तंगी न्हाई!"

रुक्मिण पदर तोंडाला लावून हसत बाहेर आली. माझा पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. बंडेप्पा आत येऊन खाटेच्या उशाशी उकिडवा बसला.

"दिगंबरा, एक अर्जी हाय," तो म्हणाला. "गावात घरं आडवी येतात. तिरशिंकू नीट दिसतो त्यो तुझ्याच दारातनं. मला हितनं त्याला निवद दावायचाय. लिंबाच्या ह्या फांदीला शिंकं टांगतो."

"टांग की. माझं काय जातंय?"

"तसं न्हाई. राखण लागतीया. मांजर शिवंल."

"मी कुणाचा राखणदार न्हाई."

"राखणदार कोण म्हणायलंय? मालक तू. तुझी जागा, तुझा लिंब. तू हुकूम दिलास तर टांगतो, न्हाईतर जातो मागं."

आता कुणी हुकूम मागितला, की मला द्यावासा वाटतो. दिला.

"आन् निवदाचं मागून काय करायचं?" मी विचारलं.

"राजा नुसता वास घेतो. मग उतरायचा आन् ज्याचं अंगण त्याच्या घरानं ऊन-ऊन खायचा. टाकला तर माझं शिंकं बाटतंय. लई कटकट हाय, मला म्हाईत हाय. पर तेवढं माझ्यासाठी कर."

मी उपकार केल्यासारखी मान हलवली. त्या दिवशी निवदात तीन भाकरी, पुंडीची भाजी, म्हणजे आपली अंबाडी, आणि वाटीभर वरण होतं. आम्ही तिघांनी ते बंडेप्पाच्या शिंक्यासाठी खाल्लं. लेक पोट धरून झोपली.

मग रोजच सुरू झालं. दिवेलागणीला तो यायचा, शिंकं टांगायचा, दक्षिणेकडं हात जोडायचा, "घ्या महाराज" म्हणायचा. थोडा वेळ खाटेशी बसायचा. रुक्मिण आतून म्हणायची, "अवो, बंडेप्पाण्णांनी जेवण केलं का इचारा," तर तोच सांगायचा, "मी सांजचं खात न्हाई. पित्त होतंय." अंधार पडला की निघून जायचा. त्यानं मला इतकं हुशारीनं मालक करून टाकलं होतं, की पंधरा दिवसांत मी मालकासारखा बोलायला लागलो.

"बंडेप्पा, कालच्या निवदात मीठ न्हवतं."

"राजाला कमीच लागतंय."

"राजाला लागतंय, आमाला न्हाई. नीट करत जा."

दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर. मग एकदा मी म्हणालो तिखट फार झालं. मग म्हणालो, रोज पुंडी कशाला, कधीतरी बेसन आण. आणलं. आता हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण मी तसा बोललो.

एका संध्याकाळी तिरशिंकू सरळ उभा राहिला होता. मी विचारलं, "बुवाला आदली गोष्ट सांग म्हणालास, ती काय रे?"

तो खुलला. "अरं, ह्या राजाला बापानं घरातनं हाकललं हुतं. पोरगा ताठ, बाप त्याच्याहून ताठ. मग रानात ऱ्हायला. बारा वर्सं दुष्काळ पडला. विश्वामित्र बायकापोरं टाकून तपाला गेल्याला. ऋषीची बायको पोरं घेऊन उपाशी. पर ऋषीची बायको ती. बापानं हाकलल्याल्या माणसाच्या हातचं घील कशी? म्हणून ह्यो काय करायचा, रोज शिकार आणून त्यांच्या झोपडीम्होरच्या झाडाला टांगायचा आन् जायचा. तिला वाटायचं, झाडालाच आलं. पोथीत शिकार लिवलंय म्हणं. आमच्यात चालत न्हाई, म्हणून मी भाकर धरतो. मग विश्वामित्र मागं आला आन् म्हणला, माझी लेकरं कुणी जगवली? म्हणून त्यानं ह्याला वर चढवला. इंद्रानं ढकलला तरी पडू दिला न्हाई. आता सांग, वरची गाठ कुणी मारली?"

"विश्वामित्रानं."

"त्यानं नंतर मारली," बंडेप्पा म्हणाला. "आधी झाडाला कुणी मारली ती बग."

लिंबाच्या फांदीला शिंकं हलत होतं. मी ते बघत होतो आणि मला काहीसुद्धा कळलं नाही. ताठ माणसाला मान वळवायला वेळ लागतो.

ज्येष्ठ सरत आला. मी काठीवर चालायला लागलो. रुक्मिण दिवसाआड कामाला जाऊन जोंधळे आणू लागली होती. बंडेप्पाचा निवद तरी चालूच होता. अशात एका दुपारी त्याची वहिनी आमच्या दारात उभी राहिली. बाई मनानं वाईट नव्हती. घरात नऊ तोंडं, दिवसभर चुलीपाशी, त्यामुळं आवाज मोठा झालेला.

"रुक्मिणबाई," ती बाहेरूनच सुरू झाली, "माझ्या दिराला काय घालतीस ग तू? दोन महिने झाले, माझ्या हातचं सांजचं ताट बांधून घिऊन तुझ्याकडं येतोय जेवायला. दिगंबर खाटेवर हाय, त्याला सोबत करतो म्हणतो. आन् बग कसा वाळलाय! सदरा अंगात ऱ्हाईना. गाव मला म्हणतंय, वैनी उपाशी ठिवती."

रुक्मिणीनं माझ्याकडं बघितलं. मी काठीकडं बघितलं.

"वर माझ्याच भाकरीला नावं! मीठ न्हाई म्हणून निरोप, तिखट झालं म्हणून निरोप, बेसन कर म्हणून निरोप. आन् रोज घरी येऊन तुझं कवतिक. रुक्मिण तंगी असं वाढती, रुक्मिण तंगी तसं वाढती. 'अण्णा, अजून अर्धी घ्या, माझ्या गळ्याची आण हाय' म्हणती. न्हाई म्हणलं तर रुसती म्हणं. ताटात तूप सोडती म्हणं. आमच्या घरात कोण कुणाला आण घालतंय बाई, वाढलं की पुढच्याचं ताट. पर तूप खाऊन माणूस वाळतोय कसा, ते तेवढं मला सांग!"

रुक्मिण भांडायला पदर खोचून पुढं आली होती. ते ऐकलं आणि उंबऱ्यातच थांबली. मी खरं सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं, की आईचं पीठ फेकणारा दिगंबर दुसऱ्याच्या ताटातलं खातो, आणि वर मीठ कमी म्हणतो. वहिनी उत्तराची वाट बघून, बोटं मोडून निघून गेली.

 ती गेल्यावर रुक्मिण म्हणाली, "मी त्यांना कदी भाकर वाढलीच न्हाई. तुमच्या तोंडून इचारलं तेवढंच. जवळ बसून तांब्याभर पाणी सुदीक दिलं न्हाई."

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं, तिरशिंकू दिसला नाही. बंडेप्पा तरी आला आणि शिंकं टांगून गेला.  निवद आम्ही लेकीला दिला. आम्हा दोघांना गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीनं मला न विचारता चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. मी काठी घेऊन गावात गेलो. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. दुकानात गिऱ्हाईक होतं, भाऊ तागडीपाशी होता, वहिनी उंबऱ्यात जोंधळे पाखडत होती. बंडेप्पा ओट्यावर पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून वळत बसला होता. मी खाली रस्त्यावर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"वैनी, ह्याला आमी वाळवलाय. माझा पाय मोडला आन् घरात दाणा न्हवता. तवापून तुमच्या हातचं ताट माझ्या घरानं खाल्लं. मीठ कमी म्हणणारा बी मीच."

तागडी थांबली. वहिनीच्या हातातलं सूप थांबलं. बंडेप्पा माझ्याकडं बघत होता. एक गोष्ट उघडी झाली, आता दुसरीही होणार, अशा नजरेनं. दोर त्याच्या हातात उलटा सुटायला लागला होता, तिकडं त्याचं लक्ष नव्हतं.

"ऱ्हायलं अर्ध्या भाकरीचं," मी म्हणालो. "ते मातर खरं हाय. रुक्मिण रोज म्हणती. आता बी चुलीपाशी खोळंबलीया. ऊठ अण्णा, भाकर निवायली."

तो उठेना. मग मी ओट्यावर चढलो, त्याच्या अंगठ्यातला दोर काढून बाजूला ठेवला आणि त्याचा हात धरून भर रस्त्यानं त्याला घरी जेवायला घेऊन आलो. हात धरला तो माझा पाय अजून लंगडत होता म्हणून, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.